संघ मोडला, खेळ उरला



दहावीचं वर्ष लागलं की आपल्या घराघरांत एक फर्मान हमखास निघतं, "आता खेळ बंद, अभ्यास सुरू!" बॅट माळ्यावर जाते, हॉकी स्टिक दाराआड जाऊन उभी राहते. जबलपूर असो, नागपूर असो की पुणे, सगळीकडे हेच. पण समजा, असं फर्मान एखाद्या विद्यापीठानेच काढलं तर? तेही ज्याच्या संघाचं नाव देशभर गाजलेलं आहे, अशा विद्यापीठाने? आज 'शिकागो विद्यापीठ' आणि त्याच्या बंद पडलेल्या फुटबॉल संघाची ही खरीखुरी गोष्ट वाचा. तुमच्या घरात दहावी-बारावीचं मूल असेल, तर जरा जास्तच लक्ष देऊन वाचा.

आधी खेळ समजून घेऊ

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नाही. इथे चेंडू लंबगोल असतो आणि तो हातात धरून पळायचं असतं. एका बाजूला ११ खेळाडू, १०० यार्डांचं मैदान. चार प्रयत्नांत निदान १० यार्ड पुढे सरकायचं, नाहीतर चेंडू समोरच्यांना द्यायचा. शेवटच्या रेषेपार चेंडू नेला की ६ गुण. समोरचे अर्थातच तुम्हाला धरून पाडणार. कबड्डी पाहणाऱ्यांना ही पकड लगेच कळेल. फरक इतकाच, की इथे डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यावर जाड पॅड असतात.

आपल्या देशातही हा खेळ आणायचा प्रयत्न झाला होता. 'एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया' नावाच्या स्पर्धेचा पहिला हंगाम २०१२ साली झाला आणि पहिलं विजेतेपद मिळवलं ते 'पुणे मराठाज्' या संघाने. पण खेळ आपल्या मातीत काही रुजला नाही. अमेरिकेत मात्र तो शंभराहून जास्त वर्षं कॉलेजांच्या मैदानांवर वाढला आहे.

गुरुजींचा संघ

शिकागो विद्यापीठात १८९२ साली शिकवणं सुरू झालं आणि त्याच वर्षी फुटबॉल संघही उभा राहिला. पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी आपला जुना विद्यार्थी अमोस अलोंझो स्टॅग याला प्रशिक्षक म्हणून बोलावलं. नुसता प्रशिक्षक म्हणून नव्हे, तर प्राध्यापकाचा दर्जा देऊन! स्टॅग तिथे तब्बल ४१ हंगाम राहिले.

संघाचं नाव होतं 'मरून्स', कारण पोशाखाचा रंग तोच. या संघाने मोठ्या विद्यापीठांच्या 'बिग टेन' स्पर्धेत सात वेळा विजेतेपद मिळवलं. १९०५ सालचा मिशिगनविरुद्धचा सामना तर आजही आठवला जातो. मिशिगनचा संघ आधीच्या ५६ सामन्यांत एकदाही हरला नव्हता. शिकागोने त्यांच्या एका खेळाडूला त्यांच्याच गोलरेषेमागे पाडलं, त्याचे २ गुण मिळाले आणि सामना २-० असा जिंकला.

पुढे १९३५ साली कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूसाठी एक करंडक सुरू झाला. तो आज 'हाइझमन ट्रॉफी' म्हणून ओळखला जातो. त्याचा पहिलाच मानकरी होता शिकागोचा जे बर्वँगर. व्यावसायिक संघांनी १९३६ साली पहिल्यांदा खेळाडूंची निवड केली, तेव्हाही पहिलं नाव त्याचंच पुकारलं गेलं. पण पैशांचं जमलं नाही आणि तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही.

मग बिघडलं कुठे?

खेळ लोकप्रिय झाला तशी मैदानं मोठी झाली, तिकीटविक्री वाढली. जिंकणारा संघ म्हणजे कॉलेजची जाहिरात, असं समीकरण झालं. मग चांगले खेळाडू मिळवण्यासाठी कॉलेजांची ओढाताण सुरू झाली. १९२९ साली 'कार्नेगी फाउंडेशन'च्या अहवालाने दाखवून दिलं, की अनेक कॉलेजं खेळाडूंना या ना त्या मार्गाने पैसा आणि सवलती पुरवत आहेत.

त्याच वर्षी रॉबर्ट मेनार्ड हचिन्स शिकागो विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. वय अवघं ३०! विद्यापीठ अभ्यासासाठी असतं, तिकिटं विकण्यासाठी नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. स्टॅग यांना १९३२ साली, सत्तराव्या वर्षी निवृत्त करण्यात आलं. म्हातारा मात्र घरी बसला नाही. कॅलिफोर्नियातल्या 'कॉलेज ऑफ द पॅसिफिक' या छोट्या कॉलेजात जाऊन त्यांनी पुन्हा शिट्टी हातात घेतली. १९३८ साली तोच संघ घेऊन ते शिकागोत आले आणि स्वतःचं नाव असलेल्या 'स्टॅग फील्ड'वर आपल्याच जुन्या विद्यापीठाला त्यांनी ३२-० असं हरवलं. शिकागोच्या जुन्या चाहत्यांना काय वाटलं असेल, विचार करा!

बाकीची कॉलेजं खेळासाठी खेळाडू आणत होती आणि शिकागो आपल्या अभ्यासक्रमात कुणाला सूट द्यायला तयार नव्हतं. मग मैदानावर व्हायचं तेच झालं. १९३९ च्या हंगामात मिशिगनकडून ८५-०, हार्वर्डकडून ६१-० आणि ओहायो स्टेटकडूनही ६१-० असे पराभव झाले. डिसेंबर १९३९ मध्ये विद्यापीठाने संघच बंद केल्याचं जाहीर केलं. १९४६ मध्ये 'बिग टेन'मधूनही ते बाहेर पडलं.

रिकाम्या स्टेडियमखाली

आता पुढचा भाग ऐका. फुटबॉल थांबल्यावर स्टेडियम सुनं पडलं. त्याच्या पश्चिमेकडच्या प्रेक्षक-सज्जाखाली एक बंदिस्त स्क्वॅश कोर्ट होतं. २ डिसेंबर १९४२ रोजी शास्त्रज्ञ एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे जगातली पहिली नियंत्रित अणू-साखळी प्रक्रिया घडवून आणली. ज्या सज्जात बसून लोक टाळ्या वाजवायचे, त्याच्याच खाली अणुयुग सुरू झालं.

पुढे ते सज्जे पाडले गेले. जुन्या मैदानाच्या जागेवर आज विद्यापीठाचं भलंमोठं रेगेन्स्टाइन ग्रंथालय उभं आहे. मैदानाच्या जागी ग्रंथालय! "खेळ बंद, अभ्यास सुरू" याचं याहून मोठं उदाहरण शोधून सापडायचं नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही

विद्यापीठाचं नाव पुढेही वाढतच गेलं. तरी काही मुलांना फुटबॉल खेळायचाच होता. १९६३ साली ती एका सामन्यासाठी मैदानात उतरली, तेव्हा फुटबॉल नको म्हणणारे विद्यार्थी निषेध म्हणून मैदानावरच जाऊन बसले. आपलं विद्यापीठ पुन्हा त्याच तिकीट-तमाशाकडे जाईल, अशी त्यांना भीती होती. खेळणाऱ्यांनी मात्र नाद सोडला नाही. १९६९ साली संघ अधिकृतपणे परतला.

हा संघ आजही खेळतो. नव्या जागी, पण मैदानाचं नाव तेच, स्टॅग फील्ड. तो अमेरिकी कॉलेजांच्या तिसऱ्या श्रेणीत आहे. या श्रेणीत खेळासाठी शिष्यवृत्ती दिली जात नाही. म्हणजे इथली मुलं आधी विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळवतात आणि आवड म्हणून खेळतात.

मला या सगळ्या गोष्टीत ती मधली तीस वर्षं फार महत्त्वाची वाटतात. हचिन्स यांची तक्रार तमाशाबद्दल होती आणि ती खरीही होती. पण तमाशा बंद करताना, संध्याकाळी नुसतं खेळायला मिळावं असं वाटणाऱ्या मुलांच्या हातूनही तो चेंडू गेला. तमाशा वेगळा आणि खेळ वेगळा, हे मान्य व्हायला तीस वर्षं लागली. तोवर मुलांच्या कितीतरी पिढ्या पदवी घेऊन निघूनही गेल्या.

आपल्या घरात काय करायचं?

दहावीच्या वर्षी काहीतरी कमी करावं लागतं, हे मान्य. मग बाहेरगावच्या स्पर्धा कमी करा. महागडं कोचिंग थांबवा. "शेजारच्या मुलाला मेडल मिळालं, तुला का नाही?" हा प्रश्न तर कायमचाच बंद करा. पण संध्याकाळचा तो एक तास काढून घेऊ नका. त्या तासाला कुणी तिकीट लावलेलं नाही.

आणि पुढच्या पालकसभेत शाळेला तीन प्रश्न जरूर विचारा. शाळेतली किती मुलं रोज मैदानावर उतरतात? पीटीच्या तासाला खरंच पीटी होते, की गणिताचा पोर्शन पूर्ण केला जातो? आणि ज्या मुलाची संघात निवड झाली नाही, त्याला चेंडू कधी मिळतो? काचेच्या कपाटातल्या ट्रॉफ्या मोजणं सोपं आहे. या तीन प्रश्नांची उत्तरं मिळवायला मात्र थोडं मागे लागावं लागेल.

आपल्या जबलपूरच्या मुस्कान किरारने २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत तिरंदाजीत सांघिक रौप्यपदक मिळवलं, तेव्हा आपण सगळ्यांनी किती कौतुकाने मोबाइलवर फोटो पाठवले होते! पण प्रत्येक मूल पदकापर्यंत पोहोचणार नाही आणि पोहोचायलाच हवं असंही नाही. त्याला खेळायला मात्र मिळायला हवं.

तर मंडळी, आज संध्याकाळी ती दाराआडची हॉकी स्टिक बाहेर काढा. तासाभराने मूल घामाघूम होऊन परत आलं, की हातपाय धुऊन पुस्तक उघडेलच. नाही उघडलं, तर ओरडायला तुम्ही आहातच!

भेटू पुढच्या लेखात.