मशीन चाललं, पण पेशंटचं काय?

'अमक्याच्या बाबांची अँजिओप्लास्टी झाली' ही बातमी हॉस्टेलवर अधूनमधून येतेच. पुढचा प्रश्नही ठरलेला: "किती स्टेंट टाकले?" स्टेंट टाकला म्हणजे काम फत्ते, असं आपण धरून चालतो.

पण काही पेशंटच्या, विशेषतः वयस्कर, डायबेटिस किंवा किडनीचा आजार असलेल्यांच्या, हृदयाच्या रक्तवाहिन्यांत कॅल्शियम साठून आतली भिंत दगडासारखी कडक होते. मग फुगा कितीही फुगवा, वाहिनी नीट उघडत नाही. स्टेंट अर्धवट उघडतो, आणि अशा स्टेंटमध्ये पुन्हा ब्लॉक किंवा गुठळी होण्याची भीती जास्त.

इथे आपली जमात एंट्री घेते! डेव्हिड ऑथ या अमेरिकन इंजिनिअरने रोटाब्लेटर बनवला: हिऱ्याची पूड बसवलेलं, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेणारं इवलंसं ड्रिल. मग ऑर्बिटल अथेरेक्टॉमी आली. तिच्यात घासणारा भाग मुद्दाम मध्यापासून बाजूला बसवलेला असतो. मिनिटाला ८०,००० किंवा १,२०,००० फेरे घेताना तो सेंट्रिफ्यूगल फोर्समुळे बाहेर झेपावतो. कडक कॅल्शियम घासलं जातं, मऊ भाग मागे सरकतो. थिअरी ऑफ मशीन्सच्या तासाला ज्या अनबॅलन्सला आपण शिव्या घालतो, त्यालाच कुणीतरी कामाला लावलं. एक मेकॅनिकलवाला म्हणून मी तर फिदाच झालो.

पण खरी गोष्ट पुढे आहे. या ऑर्बिटल मशीनला हृदयाच्या वाहिन्यांसाठी अमेरिकेत २०१३ मध्ये मान्यता मिळाली. त्यामागच्या 'ऑर्बिट-२' या अभ्यासात ४४३ पेशंट होते आणि सगळ्यांवर तेच मशीन वापरलं होतं. तुलनेला दुसरा ग्रुपच नव्हता. 'साध्या फुग्यापेक्षा हे सरस आहे का?' याचं मोठ्या चाचणीतून उत्तर यायला २०२४ साल उजाडलं. 'एक्लिप्स' नावाच्या त्या चाचणीत अमेरिकेतले २,००५ पेशंट होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे त्यांचे दोन ग्रुप केले: निम्म्यांना स्टेंटआधी ऑर्बिटल मशीन, निम्म्यांना फुगे. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू, त्या वाहिनीमुळे हार्ट अटॅक किंवा तिच्यावर पुन्हा उपचार, यांपैकी काहीतरी घडलं ते मशीनच्या ग्रुपमध्ये ११.५ टक्के आणि फुग्याच्या ग्रुपमध्ये १० टक्के. हा फरक निव्वळ योगायोगानेही येऊ शकतो, म्हणजे मशीन वाईट ठरत नाही. पण सरसही ठरत नाही!

ही कुणकुण आधीच लागली होती. जर्मनीत रोटाब्लेटरची 'रोटॅक्सस' चाचणी २४० पेशंटवर झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. टेबलावरचं यश ड्रिलचं जास्त: ९२.५ विरुद्ध ८३.३ टक्के. पण नऊ महिन्यांनी पाहिलं तर ड्रिल केलेल्या वाहिन्या पुन्हा थोड्या जास्तच अरुंद झाल्या होत्या.

"मग काय, मशीनं भंगारात काढायची?" असं माझा रूममेट विचारेल. मुळीच नाही. जिथे फुगा आत शिरतच नाही, तिथे ड्रिलला पर्याय अवघड. 'एक्लिप्स'मध्ये दोन्ही मार्ग शक्य वाटले तेच पेशंट घेतले होते, त्यामुळे ती चाचणी या केसेसबद्दल काही सांगत नाही. माझं म्हणणं एवढंच की 'कॅल्शियम दिसलं की काढा ड्रिल' याला आधार उरलेला नाही. गरज पाहून वापरा.

आता किडनी स्टोनसारखं कॅल्शियम ध्वनिलहरींनी फोडणारा फुगाही आलाय. अमेरिकेत त्याला फेब्रुवारी २०२१ मध्ये मान्यता मिळाली. आधार ३८४ पेशंटचा अभ्यास, आणि पुन्हा तुलनेचा ग्रुप नाही! आकडे छान आहेत, पण आपण एकदा पोळलोय. शिवाय बिल भरतं कोण? आपल्याकडे २०१७ पासून स्टेंटच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे, पण ती स्टेंटपुरती. ड्रिलचा खर्च वेगळा.

आपण इंजिनिअर लोक 'चाललं का?' या प्रश्नावर थांबतो. प्रोजेक्टचा डेमो झाला, एक्स्टर्नल खूश, सबमिशन संपलं. पण मशीन चालणं आणि माणसाचं भलं होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी मोजायला वर्ष लागतं, कधी अकरा वर्षं.

म्हणून सरांना आणि मॅडमना एक विनंती. यंदा व्हायव्हात प्रत्येक ग्रुपला एक प्रश्न नक्की विचारा: "साध्या, स्वस्त उपायापेक्षा तुमच्या मशीनने नेमका किती फरक पडला, आणि तो कुणी मोजला?" आम्ही तत-पप करू, मार्क जातील. जाऊ द्यात! उद्या आमचं मशीन कुणाच्या तरी बाबांच्या हृदयात फिरणार असेल, तर ती तत-पप आत्ताच झालेली बरी.

(कॉन्व्हेंटवाल्याचं मराठी आहे, सांभाळून घ्या!)

— टी. ई. मेकॅनिकल