कढत पाण्याचा टब आणि थंड चूल

वाचकहो, हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा माळ्यावरचा तांब्याचा बंब खाली उतरला असेल. तो मोडीत गेला असल्यास निदान गीझरचे बटण पहाटे चारला दाबण्याचा बेत तरी ठरला असेल. नरकचतुर्दशीची पहाट, अंगाला तेल, उटण्याचा वास, पायाखाली फुटणारे कारीट, आणि न्हाणीघराच्या दाराबाहेरून 'आटपा लवकर, अजून चौघे राहिलेत' असा आईचा आवाज! कढत पाण्याचे सुख आमच्या घरांत असे पाळीपाळीने येते. बंबातून एक घंगाळ पाणी काढले की वरून तेवढेच गार पाणी ओतायचे, हा नियम आम्हां भावंडांना पाढ्यांच्याही आधी शिकवला गेला. मागून येणाऱ्यालाही ऊन पाणी मिळाले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

या नियमाची आठवण होण्याचे कारण घरचेच आहे. पन्हाळ्याच्या पायथ्याशी आमचा वडिलार्जित जमिनीचा तुकडा आहे. सातबाऱ्यावर माझे आणि धाकट्या भावाचे, अशी दोन नावे. त्यावर एक 'कॉटेज' बांधावे, अंगणात गरम पाण्याचा मोठा टब बसवावा आणि शनिवार-रविवारी ते शहरच्या लोकांना भाड्याने द्यावे, असे भावाच्या मनाने घेतले आहे. इंग्लंडातल्या आठवडी बाजाराच्या लहान लहान गावांत अशा घरांचे पीक आले आहे आणि आता ते वारे सह्याद्रीवर येऊन आदळले आहे. माझी सही हवी म्हणून गेल्या मे महिन्यात त्याने मला तसले एक घर दाखवायला नेले. मी मॅट्रिकच्या पुढे न गेलेला चित्रकलेचा मास्तर, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा. मला व्यवहार कळत नाही, तेव्हा डोळ्यांनी तरी पाहावा, असा त्याचा हेतू.

पाहिला. दाराला कुलूप नव्हते. आकडे दाबले की दार उघडे. 'या, बसा' म्हणणारे कोणी नाही. मालक पुण्याला. स्वयंपाकघरात चकचकीत शेगडी, पण तिच्यावर कधी दूध उतू गेल्याची खूण नाही. अंगणाभोवती पुरुषभर उंच पत्रा, आणि आत तो टब. संध्याकाळी आम्ही दोघे भाऊ त्यात बसलो. खोटे कशाला बोलू? गुडघ्यांना फार बरे वाटले. पण तासाभराने एक गोष्ट ध्यानात आली. पन्हाळ्याच्या कुशीत येऊन मला पन्हाळा दिसत नव्हता. दिसत होता तो पत्रा.

सकाळी झाडलोट करायला वाडीवरच्या एक मावशी आल्या. त्यांनी टबाची मोरी उघडली आणि सगळे पाणी ओढ्याकडे सोडून दिले.

"मावशी, एवढं पाणी टाकून देताय?"

"नव्या पाव्हण्याला नवं पाणी लागतंय."

"आणि वाडीला?"

"आज येतंय, उद्या न्हाई. दोन घागरी जास्तीच्या भरून ठेवायच्या."

मावशींना दोष नाही. ऊन, मुरलेल्या पाण्यात रोगजंतू वाढतात, म्हणून इंग्लंडातही भाड्याच्या घरातल्या टबाचे पाणी दर नव्या पाहुण्यामागे बदलावे, असाच दंडक सांगितला आहे. म्हणजे या टबाला दोनच मार्ग: घाण तरी राहायचे, नाहीतर उधळे तरी व्हायचे.

मास्तर असल्यामुळे मी खडू हातात घेतो. मध्यम आकाराच्या टबात हजार ते दीड हजार लिटर पाणी मावते. आपण अकराशेच धरू. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने खेड्यातल्या माणसामागे दिवसाला ५५ लिटर पाण्याचे माप ठरविले आहे. अकराशेला पंचावन्नाने भागा: वीस. वीस माणसांचे दिवसभराचे पिणे, रांधणे, धुणे आणि न्हाणे आम्ही दोघा भावांनी एका संध्याकाळी बुडाखाली घेतले. शिवाय तेवढे पाणी २५ अंशांवरून ३८ अंशांवर न्यायला सोळा-सतरा युनिट वीज लागते, ती निराळीच.

या टबाची कुळकथा तर आणखी विचार करायला लावणारी आहे. जकुझी हे आडनाव आहे. इटलीहून कॅलिफोर्नियात गेलेल्या या भावांनी आधी विमाने केली, मग विहिरीचे पाणी उपसणारे पंप करून नाव काढले. त्यांच्या घरातल्या एका मुलाला संधिवाताने ग्रासले होते. त्याला इस्पितळाबाहेरही शेक मिळावा म्हणून १९५६ च्या सुमारास त्यांनी न्हाणीच्या टबात ठेवता येईल असा छोटा पंप बाजारात आणला. पुढे १९६८ साली त्याच घराण्यातल्या एकाने चैनीचा टब काढला. शेतकऱ्याची विहीर, मग आजारी पोर आणि मग चैन! पहिल्या दोन पायऱ्यांना माझा नमस्कार आहे. तिसरीपाशी माझे भांडण आहे, आणि तेही ती कुठे बांधली जाते एवढ्यापुरतेच.

कारण पन्हाळा हा पाण्याची किंमत ठाऊक असलेला गड आहे. शत्रूच्या नजरेस पडू नये अशी तीन मजली अंधारबाव याच गडावर बांधली गेली. अंबरखान्यातल्या धान्याच्या कोठारांना गंगा, यमुना, सरस्वती अशी नद्यांची नावे मिळाली. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा महिनोन् महिने पडला, तेव्हा गड तगला तो साठविलेल्या दाण्यावर आणि राखलेल्या पाण्यावर. २०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यांत पन्हाळाही आला. आम्ही पेढे वाटले. त्या गडाच्या पायथ्याशी वीस माणसांचे पाणी रोज ओढ्यात सोडून आपण कोणता वारसा राखणार?

माझ्या भावाची बाजू मी लपवीत नाही. तो म्हणाला, "आण्णा, उसाचं बिल कवा येतंय ह्याचा पत्त्या न्हाई, पोराची फी काय थांबत न्हाई. तुम्ही पगारदार माणूस. तुमास्नी हे बोलाय सोपं हाय." हे शब्द मला लागले, कारण ते खरे आहेत. शेतकऱ्याने चार पैसे मिळवू नयेत, असे सांगणारा मी कोण? माझा विरोध पाहुण्यांना नाही. माझा विरोध यजमान नसलेल्या घराला आहे.

ज्यांच्याकडून आपण ही तऱ्हा उचलली, त्यांचे काय झाले ते तरी पाहा. कॉर्नवॉलमधल्या सेंट आयव्हज या समुद्रकाठच्या गावी सुट्टीच्या घरांपायी तिथल्याच तरुणांना घर परवडेना. २०१६ साली गावाने मत घेतले. नवी घरे बारमाही राहणाऱ्यांनाच मिळावीत, असे ऐंशी टक्क्यांहून अधिक मतदारांनी ठरविले. वेल्समध्ये एप्रिल २०२३ पासून अशा दुसऱ्या घरांवर नेहमीच्या करापेक्षा तिपटीपर्यंत जादा कर बसविण्याची मुभा तिथल्या नगरपालिकांना मिळाली. ज्यांना ठेच लागली ते सावध झाले, आणि आपण त्याच दगडाला शेंदूर फासायला निघालो आहोत!

आणि ऊन पाण्यात डुंबण्याची हौसच असेल, तर ती आपल्याकडे का नव्हती? अणुस्कुरा घाट उतरून राजापूरला जा, जवळच उन्हाळे आहे. ठाणे जिल्ह्यात वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे. तिथे पाणी जमिनीतूनच ऊन येते. शेजारी कोण बसला आहे, हे कोणी विचारीत नाही. संधिवाताचा म्हातारा आणि नवस फेडायला आलेली सासुरवाशीण यांना एकच झरा पुरतो. सुख चौघांत घेतले म्हणून ते कमी झाल्याचे मी ऐकलेले नाही.

मी भावाला सांगितले आहे: घर बांध, माझी सही देतो. पण त्या घरात तू आणि वहिनी राहा. पाहुण्याला न्याहारीला वहिनींच्या हातची भाकरी आणि खर्डा मिळू दे. आंघोळीला बंब दे, घंगाळे दे. पत्रा नको, कुंपणाला मेंदी लाव. न्हाणीचे पाणी केळीला जाऊ दे. सरकारच्या निवास-न्याहारी योजनेची मूळ कल्पनाही हीच आहे की, पाहुणा उतरतो त्या घरात यजमान राहतो. पैसा थोडा कमी मिळेल, हे मला मान्य आहे. त्या कमी पडणाऱ्या पैशातला माझा वाटा मी पगारातून भरायला तयार आहे, हेही मी त्याला सांगून चुकलो आहे.

वाचकहो, दिवाळीच्या सुट्टीत तुम्हीही सहकुटुंब कुठे तरी निघाल. घर ठरविताना मालकाला तीन प्रश्न विचारा: तुम्ही इथे राहता का? पाणी कुठून येते? वापरलेले पाणी कुठे जाते? तिन्हींची उत्तरे देणारा भेटला, तर दोन पैसे जास्त द्या. टबाचे चित्र पुढे करून विषय बदलणारा भेटला, तर त्याला नमस्कार करून पुढे व्हा. गिऱ्हाईक बदलले की दुकान बदलते.

भाऊ अजून माझ्याशी धड बोलत नाही. तरी नरकचतुर्दशीला पहाटे तो पोरांना घेऊन येईलच. आजवर एकही दिवाळी त्याने चुकविलेली नाही. बंब चिंचेने घासून ठेवला आहे. पहिले घंगाळ त्याचे.