टाकून दिलं, म्हणजे कुठे?

आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताईंनी एकदा मला गेटपाशी थांबवलं. त्यांच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घट्ट बांधलेलं एक पुडकं होतं. "कुणाचंय माहीत नाही मॅडम, पण वर लाल ठिपका तरी करायला सांगा सगळ्यांना. आत काय आहे ते उघडून बघावं लागतं आम्हाला."

पुडकं माझंच होतं. मी म्हटलं, "हो, ग्रुपवर टाकते," आणि लिफ्टमध्ये शिरले.

मी सॉफ्टवेअरवाली. आमच्याकडे प्रोग्रॅममधला नको असलेला डेटा आपोआप साफ होतो, त्यात कुणाचे हात घाण होत नाहीत. घरच्या कचऱ्याबद्दलही माझी तशीच समजूत होती. पॅड 'टाकून दिलं' की संपलं. पण पुण्यात ते संपत नाही. ते एका बाईच्या हातात जातं. ओला-सुका वेगळा करताना ती ते उघडते, कारण गुंडाळलेल्या पिशवीत काहीही असू शकतं. त्या हातांत बरेचदा हातमोजे नसतात, आणि ते हात बहुतेकदा दलित बाईचे असतात. याच शहरातल्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने २०१३ साली वापरलेली पॅड गोळा करून ती बनवणाऱ्या कंपन्यांना परत पाठवली होती. २०१६ च्या घनकचरा नियमांत लिहिलं होतं की पॅडसोबत ते गुंडाळून टाकायला पाकीट देणं ही उत्पादकाची जबाबदारी आहे. नियम चांगलाच होता. पण पाकीट मिळालं तरी ते उचलणारे हात तेच राहतात.

मग मी हिशोब केला. तेराव्या वर्षापासून अठ्ठाविसाव्यापर्यंत, महिन्याला १५ पॅड धरली तर २,७०० होतात. पाळी पन्नाशीपर्यंत चालली तर अजून जवळजवळ ४,०००. वरचा जाळीदार थर प्लास्टिकचा, खालचा न गळणारा थर प्लास्टिकचा, मधलं जेल म्हणजे पॉलिमर. मी वापरलेलं पहिलं पॅड अजून कुठल्यातरी डेपोत असेल, बहुधा माझ्यानंतरही असेल.

चारशे रुपयांचा मेन्स्ट्रुअल कप घेतला. आता प्रामाणिकपणे सांगते, कारण कपचं कौतुक करणारे लेख हा भाग गाळतात. पहिल्या महिन्यात तो नीट उघडलाच नाही आणि मीटिंगमध्ये बसल्याबसल्या कपडे खराब झाले. दुसऱ्या महिन्यात निघेना. मी घाबरून मैत्रिणीला फोन केला. ती म्हणाली, "दांडी ओढू नकोस गं बये, बूड चिमटीत दाब, हवा सुटू दे." सुटली. तिसऱ्या महिन्यात दुपारी तीनला मला आठवलं की आपली पाळी चालू आहे. २०१९ मध्ये 'लॅन्सेट पब्लिक हेल्थ'मध्ये ४३ अभ्यासांचा आढावा छापून आला होता. त्यात हेच आहे: सवय व्हायला काही महिने जातात, पण गळती इतर साधनांइतकीच किंवा कमी. तांबी बसवलेली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा, कप काढताना ती सरकू शकते.

आता आक्षेप. पहिला माझ्याच स्त्रीवादी मैत्रिणींचा: "पृथ्वी वाचवायचा ठेका बाईनेच का घ्यायचा?" बरोबर आहे. कारखाने धूर सोडणार आणि मी माझ्या रक्ताचा हिशोब देणार, हे मलाही मान्य नाही. पण मी पृथ्वीबद्दल बोलतच नाहीये. मी गेटपाशी उभ्या असलेल्या बाईबद्दल बोलतेय. माझी सोय तिच्या हातांवर उभी असेल, तर 'माझं शरीर, माझी निवड' हे वाक्य तिथे अर्धवट राहतं.

दुसरा आक्षेप आईचा: "आम्ही कापडातून कसेबसे सुटलो, तुम्ही परत तिकडेच चाललात?" हा मला जास्त लागतो. आईच्या घड्या कोपऱ्यात, साडीखाली, ऊन न लागता वाळायच्या, आणि कधीकधी ओलसरच पुन्हा वापरल्या जायच्या. तिच्यासाठी पॅड म्हणजे सुटका होती. पण आई, दोष कापडाचा नव्हता गं. ते उन्हात वाळत घालायची तुला परवानगी नव्हती, हा दोष होता. पॅडने कापड बदललं, लाज तशीच ठेवली. म्हणून तर दुकानदार अजून काळी पिशवी देतो. माझा कप गॅसवर पाच मिनिटं उकळतो. बाबांनी एकदा विचारलं, "काय शिजतंय?" मी सांगितलं. ते चहा घेऊन गॅलरीत गेले. आभाळ कोसळलं नाही.

तिसरा आक्षेप कौमार्याचा. त्याला उत्तर द्यायची माझी इच्छा नाही. ज्यांना बायकोची तपासणी करायची आहे, त्यांच्या सोयीसाठी मी प्लास्टिक वापरणार नाही.

पण एक मर्यादा मला मान्य आहे. कपला पाणी लागतं, कडी लागणारं दार लागतं, उकळायला भांडं लागतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारला समिती नेमावी लागली. जिच्या कोपीला मोरी नाही तिला 'पर्यावरणपूरक पाळी' शिकवायला जाऊ नका. तिला आधी पाणी द्या, संडास द्या, पाळीच्या दिवशी कापली न जाणारी मजुरी द्या.

हे सांगणं तुमच्या-माझ्यासाठी आहे. फ्लॅट आहे, नळाला पाणी आहे, पगार आहे, त्यांच्यासाठी. कप जमला नाही तर कापडी पॅड आहेत, पाळीच्या चड्ड्या आहेत. कुठलंच जमत नसेल, दुखत असेल, तर पॅड वापरा, फक्त कागदात गुंडाळून वर लाल ठिपका करा. आणि ऑफिसातल्या एचआरला विचारा की महिला दिनाला गुलाब वाटण्याऐवजी संडासाच्या आत एक जेट आणि छोटं बेसिन का बसवत नाहीत. आमच्याकडे मी विचारलंय. 'बघतो' असं उत्तर आलंय. दर महिन्याला पुन्हा विचारते.

त्या ताईंना मी अजून सांगितलेलं नाही की ते पुडकं माझं होतं. दीड वर्ष झालं. रोज सकाळी त्या दिसतात, आम्ही हसतो. सांगायला हवं.