कण बारीक झाला म्हणजे औषध नवे झाले काय?

रक्तवाहिनीच्या भिंतीत चरबी साचते आणि झटका येतो, एवढेच आजवर आपल्या लोकांना सांगितले गेले. तेल कमी खा, बिडी सोडा. सल्ला खरा, पण अपुरा आहे. त्या साचलेल्या थरात दाह धुमसत असतो. शरीराच्या संरक्षक पेशी तेथे जमतात, चरबी गिळतात, तेथेच मरतात. असा थर फुटला की गुठळी होते. दाह आवरला तर झटके कमी होतात, हे २०१७ साली कॅनाकिनुमॅब या इंजेक्शनाच्या १०,०६१ रुग्णांवरील चाचणीने दाखविले. मात्र त्याच चाचणीत जंतुसंसर्गाने दगावणाऱ्यांचे प्रमाणही वाढले. साऱ्या शरीरातला पहारा सैल केला तर चोर शिरणारच!

म्हणून शास्त्रज्ञ नॅनोकणांकडे वळले. औषध अतिसूक्ष्म कणांत भरायचे आणि दाहाच्या जागीच सोडायचे. २०२० साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी उंदरांमध्ये हे करून दाखविले. रक्तातील पेशींनी कण गिळले, थरापर्यंत नेले आणि मेलेल्या पेशी साफ करण्याचे अडलेले काम तेथे पुन्हा सुरू झाले. याचे स्वागतच आहे. पण उंदीर म्हणजे माणूस नव्हे. २०१५ साली अॅम्स्टरडॅमच्या संशोधकांनी प्रेडनिसोलोन हे जुने, स्वस्त औषध चरबीच्या सूक्ष्म कणांत भरून रुग्णांना दिले. औषध थरापर्यंत पोहोचले. दाह मात्र कमी झाला नाही.

पोहोचणे वेगळे, गुण येणे वेगळे. कायद्याचा प्रश्न नेमका येथेच उभा राहतो.

उद्या हे उपचार बाजारात आले तर कंपन्या पेटंट कशावर मागतील? वाहक कण खरोखर नवा असेल तर त्याचा विचार वेगळा. पण पुष्कळदा औषध जुनेच असेल आणि फक्त त्याचे रूप बारीक केलेले असेल. २००५ च्या दुरुस्तीनंतर भारतीय पेटंट कायद्याच्या कलम ३ (डी) च्या स्पष्टीकरणात 'कणांचा आकार' हे शब्द स्पष्टपणे आहेत. आकार बदलला तरी पदार्थ तोच मानायचा. परिणामकारकतेत लक्षणीय फरक असेल तरच तो वेगळा. नोव्हार्टिसच्या ग्लिव्हेक खटल्यात १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, औषधाबाबत परिणामकारकता म्हणजे उपचारातील परिणामकारकता. कण थरापर्यंत गेला, एवढ्यावर भागणार नाही. रुग्णाला अधिक गुण येतो हे सिद्ध करा आणि खुशाल पेटंट घ्या. आम्ही संशोधनाचे वैरी नाही.

पण हे तपासायला लावणार कोण? कलम २५ (१) नुसार पेटंट मिळण्यापूर्वी कोणीही हरकत घेऊ शकतो. क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले यांनी तशी हरकत घेतली आणि मार्च २०२३ मध्ये मुंबई पेटंट कार्यालयाने बेडाक्विलिनच्या क्षाररूपाचा अर्ज फेटाळला. दोन रुग्ण मुलींनी बलाढ्य बहुराष्ट्रीय कंपनीला थोपविले! त्यानंतर वर्षभरातच, मार्च २०२४ च्या नियमांनी अशा हरकतीवर शुल्क लावले, आणि ती ऐकण्याजोगी आहे की नाही हे नियंत्रकाने आधी ठरवायचे, असे केले. दार बंद केले नाही, पण अरुंद केले. हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते आणि इंटरनेटवर फुकट वाचता येते. जिल्ह्याजिल्ह्यांत आपले तरुण वकील आहेत. त्यांच्यापैकी रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्या चौघांनी तरी येत्या शुक्रवारपासून ते उघडावे.