चाचणी कोणाच्या हाती?

दुर्मिळ आजारांवर औषध हवे असेल तर कंपन्यांना मक्तेदारीचे आमिष दाखविण्यावाचून गत्यंतर नाही, असे आता पुरोगामी म्हणविणारी मंडळीही सांगू लागली आहेत. अमेरिकेचा १९८३ चा कायदा याच समजुतीवर उभा आहे : सात वर्षे विक्रीचा एकाधिकार, वर करसवलत. ही समजूत कितपत खरी, हे मेंदूच्या अतिवाढीच्या एका आजारावरून दिसते.

इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘एम-कॅप’ म्हणतात. गर्भातील काही पेशींत ‘पीआयके३सीए’ या जनुकात बिघाड होतो आणि वाढीचा आदेश थांबतच नाही. मेंदू प्रमाणाबाहेर मोठा होतो, अंगावर तांबडे डाग उमटतात, अनेक मुलांना फेफरे येते, चालणेबोलणे लांबते. हा बिघाड २०१२ साली सिअ‍ॅटलच्या संशोधकांनी दाखविला, तो सार्वजनिक पैशाच्या बळावर. स्तनाच्या कर्करोगासाठी घडविलेले नोव्हार्टिसचे ‘अल्पेलिसिब’ अशा अतिवाढीवर चालते, हे पॅरिसच्या नेकर या सरकारी रुग्णालयातील डॉ. कानो यांनी १९ रुग्णांवरून २०१८ मध्ये मांडले. म्हणजे वाट कोणी शोधली?

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने त्वरित मंजुरी दिली. आधार काय, तर सहानुभूतीपोटी औषध दिलेल्या ५७ रुग्णांचे जुने कागद. मोजमाप झाले ३७ जणांचे. त्यांतील १० जणांत, शेकडा २७, वाढलेला भाग पाचव्या हिश्शाने वा अधिक आकसला. औषधाविना ठेवलेला तुलनेचा गट नव्हताच. शिवाय अंगावरची गाठ मोजता येते. पण मुलाचे झटके कमी झाले का, ते दोन शब्द अधिक बोलू लागले का, हे त्या निकषात बसत नव्हते. आणि रक्तातील साखर वाढविणारे हे औषध वाढत्या वयाच्या मुलाला वर्षानुवर्षे द्यायचे आहे!

मंजुरी सशर्त आहे, लाभ पुढे सिद्ध करायचा आहे, हे खरे. परंतु सिद्ध करणार कोण? विक्रेताच. ज्याचा माल खपू लागला, त्याला ‘नाही’ असे उत्तर शोधण्याची निकड कशी वाटावी? आईबापांना दोष देता येत नाही. बुडत्याने काडी धरू नये, असे त्यांना कोणत्या तोंडाने सांगावे? दोष आहे तो खर्चाचा वाटा उचलूनही प्रश्न विचारण्याचा हक्क सोडून देणाऱ्या शासनाचा.

तो हक्क बजावता येतो. फ्रान्समधील दिजॉनच्या सार्वजनिक विद्यापीठ रुग्णालयाने केवळ एम-कॅपच्या रुग्णांसाठी अल्पेलिसिबची चाचणी आखली. तीत मोजायचे आहे ते रुग्णाचे रोजचे वागणे-वावरणे. गाठीचा आकार नव्हे.