एमआरआयमधली गादी आणि पायातली कळ

कमरेच्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबली की कळ थेट पायात उतरते. हीच सायटिका. शस्त्रक्रिया ठरली की नातेवाईक एमआरआयची फिल्म पुढे करून विचारतात, ‘‘डॉक्टर, पूर्ण बरे होतील ना?’’ आता हाच प्रश्न संगणकालाही विचारला जातो आहे. फिल्मवरून शस्त्रक्रियेचे यश आधीच वर्तवणारे एआय प्रोग्रॅम तयार करण्याचे प्रयत्न सुरू आहेत. मुळात फिल्म एवढे सांगू शकते का?

नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ रुग्णांवर झालेला अभ्यास २०१३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. काहींवर लवकर शस्त्रक्रिया झाली, तर काहींवर आधी औषधोपचार. वर्षभराने ८४ टक्के रुग्ण बरे होते. त्या वेळच्या एमआरआयमध्ये मात्र सरकलेली गादी बऱ्या झालेल्यांपैकी ३५ टक्के जणांत दिसली आणि बऱ्या न झालेल्यांपैकी ३३ टक्के जणांत! म्हणजे फिल्म पाहून कोण बरा आणि कोणाचे अजून दुखते, हे ओळखता येत नव्हते.

याचे कारण साधे आहे. एमआरआय गादीचा आकार दाखवतो, वेदना दाखवत नाही. १९९४ मधील एका अमेरिकी अभ्यासात कंबरदुखी नसलेल्या ९८ जणांपैकी फक्त ३६ टक्के जणांच्या सर्व गाद्या निर्दोष होत्या.

म्हणून एमआरआय निरुपयोगी ठरत नाही. नस कुठे आणि कोणत्या बाजूला दबली, हे त्याशिवाय शल्यविशारदाला कळणार नाही. पण बरे होण्याचा अंदाज बांधताना आणखी काही विचारावे लागते. पायातली कळ फिल्ममधल्या दबलेल्या नसेशी जुळते का? दुखणे किती जुने आहे? सहा महिन्यांहून जास्त रेंगाळलेल्या दुखण्यात शस्त्रक्रियेचा गुण कमी येतो. धूम्रपान, नैराश्य, कामाचे स्वरूप यांचाही परिणाम होतो. ही माहिती फिल्ममध्ये नसते, ती रुग्णाशी बोलूनच मिळते. सरकारी ओपीडीच्या गर्दीत नेमका तेवढाच वेळ मिळत नाही.

शस्त्रक्रियेनंतर त्रास नसेल, तर केवळ खात्रीसाठी मजुरी बुडवून पुन्हा एमआरआय काढू नये. अहवालातला ‘गादी सरकलेली’ हा शेरा उगाच धास्ती लावतो. कळ परतली, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. पाऊल उचलता येईना, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.