मोटर घरघरतेय? आधी बटण बंद करून ऐका



मागच्या एका व्हिडिओत मी बोलून गेलो होतो की, "मशीन मेकॅनिकवर सोडा, तुम्ही गिऱ्हाईक बघा." ते वाक्य आज मागे घेतो. जिथे एकच मशीन आणि एकच सिंगल फेज मोटर आहे, तिथे मालकाला मोटरचा आवाज ओळखता आलाच पाहिजे. दुरुस्ती येऊ नये, चालेल. आवाज कळला पाहिजे.

माझंच घ्या. दुकानात मसाला दळायचा पल्व्हरायझर आहे, दोन एचपी मोटरवर. दोन वर्षांपूर्वी ऐन एप्रिलमध्ये, म्हणजे मिरचीच्या सीझनला, मोटर घरघरायला लागली. मी बीबीए केलेला माणूस, मोटरमधलं काही कळत नव्हतं. तरी रिवायंडिंगवाल्याला ठासून सांगितलं, "वायंडिंग गेलीये, भरून दे, बाकी खर्च वाढवू नको." त्याने सांगितलं तेवढंच केलं. तीन हजार गेले, चार दिवस मशीन बंद, गिऱ्हाईक मिरचीच्या पिशव्या घेऊन पुढच्या गल्लीत. आणि मोटर बसवून चालू केली तर तोच आवाज!

शेजारचे पिठाच्या गिरणीवाले काका आले. म्हणाले, "पट्टा काढ. नुसती मोटर चालव. आता बटण बंद कर आन् ऐक." बटण बंद केलं, तरी मोटर पूर्ण थांबेपर्यंत घरघर चालूच. "करंट गेला तरी आवाज हाय ना? मग वायंडिंगचा काय संबंध? बेअरिंग बघ."

पुलीकडचं बेअरिंग खलास झालं होतं. काहीशे रुपयांचं काम. आणि ते घालवलं कोणी? मीच. पट्टा घसरतो म्हणून मोटर मागे ओढून पट्टा तारेसारखा ताणला होता, त्याचा सगळा भार त्या बेअरिंगवर. वरून मिरचीची पूड. अशा धुळीच्या कामाला पत्र्याच्या झाकणाचं नको, दोन्ही बाजूंनी रबर सील असलेलं बेअरिंग मागा.

आता उलटं बघा. बटण बंद करताक्षणी आवाज गायब झाला, तर भानगड बहुधा विजेची. मोटर नुसती हूंऽऽ करते आणि फिरतच नाही, असं असेल आणि पट्टा काढल्यावर शाफ्ट हाताने मोकळा फिरत असेल (मेन स्विच बंद करून बघा हं), तर संशय कपॅसिटरवर किंवा आतल्या सेंट्रिफ्युगल स्विचवर घ्या. मोटर वेगात आली की हा स्विच "टक" करतो, थांबताना परत "टक". ती टक ऐकायची सवय लावा. आणि हूं करणारी मोटर "घेईल आता" म्हणून बटण दाबून धरू नका, तेव्हा ती नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, मग खरंच वायंडिंग जळते. कपॅसिटरला मात्र स्वतः हात लावू नका. मेन बंद केल्यावरही त्यात चार्ज राहतो आणि झटका जबरी बसतो. नवा बसवून घेताना मायक्रोफॅरड जुन्याइतकेच, व्होल्ट जुन्यापेक्षा कमी नकोत.

व्होल्टेज? तेही बघून घ्या. बारीक वायरचं लांबलचक एक्स्टेन्शन लावून मशीन चालवणारे आपल्यात कमी नाहीत.

काही जण म्हणतील, "सर, आम्ही धंदा करायचा की मोटरी ऐकत बसायचं?" मी कॉलेजात डाउनटाइम कॉस्टवर उत्तर लिहून मार्क मिळवलेत. पण ती कॉस्ट म्हणजे नेहमीच्या मावशी दुसऱ्याच्या दुकानातून मसाला घेऊन जाताना दिसणं, हे त्या एप्रिलमध्ये कळलं. त्यातल्या दोघी-तिघी अजून परत आलेल्या नाहीत.

आता मी रिवायंडिंगवाल्याला काय कर ते सांगत नाही. काय होतंय ते सांगतो: कधी आवाज येतो, बंद केल्यावर राहतो का, वास आला का. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून ऐकवतो. यंदा बेअरिंग फेब्रुवारीतच बदलून घेतलं, आणि एक जोडी बेअरिंग आणि एक कपॅसिटर गल्ल्याखालच्या खणात ठेवलाय.